बिनपिठाच्या घराचा ठसा

वारसा हा शब्द कुणी तोंडातून काढला की माझं डोकं सटकतं. वयाने आता जरा निवले आहे, तरी सटकतंच. लोकांना वाटतं, ही बाई रुक्ष, हिला जुन्याची माया नाही. तसं नाही. माझा राग जुन्यावर नाही. कुणाचं जुनं जपायचं आणि कुणाचं नाही, हे ठरवायला जे बसतात त्यांच्यावर आहे. हा राग मला आमच्या विदर्भातल्या खेड्याने दिला हे खरं, पण त्याला धार लावली ती इटलीतल्या एका खेड्याने. ते खेडं मी अजूनही पाहिलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी बेडफर्डला आले. नागपूरला नर्सिंग झालेलं, नवरा आधीपासून इथे रेल्वेत. घर मिळालं ते विटांच्या एका लांबलचक रांगेतलं, आणि त्या रस्त्यावर निम्मे लोक इटालियन. मला आधी कळेचना की इंग्लंडात येऊन मी इटालियन लोकांत कशी पडले. मग समजलं. युद्धानंतर या देशाला विटा हव्या होत्या, भट्टीवर उभं राहायला इथला माणूस तयार नव्हता, म्हणून दक्षिण इटलीतून गावंच्या गावं उचलून आणलेली. वारा भट्ट्यांकडून सुटला की रस्ताभर गंधकाचा वास यायचा आणि दोरीवरचे युनिफॉर्म परत धुवावे लागायचे.

शेजारच्या घरात एक नवरा-बायको राहायचे. तिला मी मनातल्या मनात आत्याबाई म्हणायचे, कारण तिच्या चालण्यात माहेरपणाला आलेल्या आत्याचा तोरा होता. बुटकी, रुंद, कायम एप्रनमध्ये. म्हातारबुवा भट्टीवरून निवृत्त व्हायच्या बेतात होते. मागच्या एवढ्याशा अंगणात त्यांनी टोमॅटो, घेवडा आणि द्राक्षांचा वेल असं सगळं कोंबलं होतं, बसायला जागा ठेवली नव्हती. मला ते बघून बरं वाटायचं. शेजारचे इंग्लिश लोक अंगणात नुसतं गवत वाढवायचे आणि तेही कापून टाकायचे.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात आत्याबाईंनी कुंपणावरून एक पाव दिला. चांगला परातीएवढा गोल, जड, वरून करपट. त्याच्या मधोमध एक ठसा उमटलेला होता. गोलात आडव्या-उभ्या रेघा आणि त्यात एक पक्षी. मला वाटलं, बेकरीचा शिक्का असेल.

“कुठून आणला पाव?” मी विचारलं.

“माझा ओव्हन,” त्या म्हणाल्या आणि आपल्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

त्यांचं इंग्रजी तीन-चार शब्दांचं, माझं नागपुरी वळणाचं. त्यामुळे आमच्यात गैरसमजाला वाव नव्हता. आम्ही फक्त कामाचंच बोलायचो, आणि कामाचं म्हणजे जेवणाखाणाचं. तरीही वर्षा-दोन वर्षांत, मागच्या पायरीवर घेवड्याच्या शेंगा सोलता सोलता, त्यांच्या गावाचा सगळा इतिहास माझ्या डोक्यात भरला गेला. त्यांच्या मुलीने अधूनमधून येऊन त्या इतिहासात दुरुस्त्या केल्या. मुलगी इथेच जन्मलेली, बँकेत नोकरीला, इंग्लिश माणसाशी लग्न केलेली. गावाच्या गोष्टी सांगताना ती कंटाळलेली असायची.

गाव डोंगराच्या माथ्यावर. जमीन सगळी एका मालकाची, थोडीफार दहा-बारा घरांची, बाकीचे सगळे मजूर. मजुरांनी पहाटे चौकात येऊन उभं राहायचं, मुकादम येऊन बोट दाखवील तो कामाला जाणार, उरलेले घरी. गहू पिकायचा तो मालकाच्या कोठारात जायचा. ते कोठार चौकातच, दगडी, उंच दाराचं. म्हातारबुवा तरुणपणी तिथे पोती वाहायचे, पण दारापर्यंत. दाराच्या आत मालकाची माणसं. आयुष्यभर ज्या कोठारात गहू भरला ते आतून कसं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि गावात भट्टी एकच. पावाची भट्टी. घरोघरी पीठ मळायचं, गोळे फळीवर मांडून भट्टीवर न्यायचे, भट्टीवाला सगळ्यांचे एकदम भाजायचा. आपला पाव दुसऱ्याच्या पावात मिसळू नये म्हणून प्रत्येक घराचा एक लाकडी ठसा असायचा. कुणाचा कोंबडा, कुणाचा चांद, कुणाची नुसती अक्षरं. आईकडून लेकीकडे जायचा. गोळ्यावर दाबला की पाव त्या घराचा झाला.

“तुमच्या आईचा का हा?” मी एकदा विचारलं.

आत्याबाई इतक्या हसल्या की मांडीवरच्या शेंगा सांडल्या. “माझी आई? माझ्या आईला पीठ कुठे?”

मग कळलं ते असं. ठसा असायचा पीठ असलेल्या घरांचा. ज्यांच्या घरी पीठच नाही त्यांना ठशाची गरज काय? त्यांची आई दुसऱ्यांच्या घरी पीठ मळायला जायची आणि त्या बदल्यात शिळा तुकडा घरी आणायची. गावात माणसं दोन जातींची, पीठवाली आणि बिनपिठाची. ‘जातींची’ हा माझा शब्द. आत्याबाईंचा शब्द वेगळा होता, पण तो उच्चारताना त्यांनी जो हात हलवला तो मी जन्मापासून ओळखते.

ठसा बनवला होता म्हातारबुवांनी, बेडफर्डमध्ये. घर विकत घेतलं, पहिला गॅसचा ओव्हन आला, दुकानातून पिठाचं अख्खं पोतं आणलं. आत्याबाई म्हणाल्या, आता आपलं पीठ आहे. तर हे गृहस्थ भट्टीवरून एका मोडक्या फावड्याचा दांडा घेऊन आले आणि स्वयंपाकघरात बसून चाकूने कोरायला लागले. त्यांच्या मनात कोंबडा होता. झालं कबूतर. लिहिता-वाचता येत नसलेल्या माणसाने, विटा उचलून उचलून बोटं जाड झालेल्या हातांनी कोरलेलं. आत्याबाई त्यावरून त्यांना शेवटपर्यंत छळत राहिल्या. “कबूतर बांग देत नाही, कुणाला उठवत नाही. नुसतं घाण करतं,” असं म्हणायच्या, आणि दर शनिवारी तेच कबूतर पिठाच्या गोळ्यावर दोन्ही हातांनी दाबायच्या. म्हातारबुवा खुर्चीत बसून बघायचे. मी हे कितीतरी शनिवार पाहिलं आहे. दाबताना त्या बोलायच्या नाहीत.

मला ते दोघं आवडायचे, कारण त्यांच्यासमोर मला कशाचंच नाटक करावं लागायचं नाही. नाटक करावं लागायचं ते आपल्या लोकांत. लंडनच्या बाजूला एका मराठी मंडळात आम्ही सणावाराला जायचो. एके वर्षी त्यांनी ‘आपला वारसा’ नावाचं प्रदर्शन भरवलं. प्रत्येकाने घरातलं जुनं काहीतरी आणायचं. पितळी घंगाळ, पानाचा डबा, पैठणी, चांदीची निरांजनं. एका बाईंनी मला अगदी प्रेमाने विचारलं, “अहो, तुम्ही काहीच नाही आणलंत? आजीचं काही असेल ना?”

मी म्हटलं, “माझ्या आजीला तुमच्या आजीच्या घंगाळाला हात लावायची परवानगी नव्हती. तिचं स्वतःचं मडकं होतं, ते फुटलं.”

एकाने श्रीखंड संपत आल्याची चौकशी केली. गाडीत नवरा चिडला. “अगं, सोशल फंक्शन आहे ते, कोर्ट नाही. सगळीकडे तुझं चालूच!” मी म्हटलं, “तूच जात जा मग.” पुढच्या वर्षीपासून आमंत्रणं पातळ झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगत असे. वाटलं होतं. चांगलंच वाटलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला म्हातारबुवा गेले. छातीने गेले. भट्टीवरची बरीच माणसं छातीनेच गेली. मी ज्या वॉर्डात कामाला होते तिथेच ते शेवटचे दिवस होते, म्हणून मला जाता-येता बघता आलं. मुलीने विचारलं, गावाला न्यायचं का? म्हातारबुवा म्हणाले, “तिथे मला उभं राहायला जागा नव्हती, आता आडवं व्हायला कशाला?” त्यांना बेडफर्डच्याच दफनभूमीत ठेवलं. आत्याबाईंनी विरोध केला नाही. पण त्यानंतर त्यांच्या मनात एक गोष्ट घर करून बसली. त्यांचा माणूस त्या गावातून निघाला तो निघालाच, त्याचं तिथे काहीच उरलं नाही. घर भाड्याचं होतं, ते पडलं. आईबाप कुठल्या कोपऱ्यात पुरले ते कुणाला आठवत नाही. जणू तो तिथे जन्मलाच नव्हता.

अशात इथल्या इटालियन चर्चमध्ये घोषणा झाली. त्यांच्या त्या गावात संग्रहालय होणार होतं. शेतकऱ्यांच्या जुन्या जीवनाचं. मालकाच्या वारसांनी कोठार गावाला देऊन टाकलं होतं आणि त्याच कोठारात नांगर, विळे, चाळण्या, तांब्याची भांडी आणि सगळ्या घरांचे पावाचे ठसे मांडणार होते. गावच्या शाळेचे निवृत्त मास्तर त्यासाठी बेडफर्डला येणार होते, कारण गावात उरलं होतं त्यापेक्षा गावचं सामान इथेच जास्त होतं.

आत्याबाई त्याच दुपारी माझ्या दारात. “तू ये. रविवारी. तू जोरात बोलतेस.”

“मला इटालियन कुठे येतं?”

“जोरात येतं ना? पुरे.”

त्यांना काय हवंय हे मला लगेच कळलं. म्हातारबुवांच्या हातचं कबूतर त्या कोठाराच्या आत जायला हवं होतं. ज्या दारापाशी पोतं उतरवून परत फिरायचं, त्या दाराच्या आत, काचेच्या पेटीत, पीठवाल्यांच्या कोंबड्यांशेजारी. मी ड्यूटी बदलून घेतली.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये जत्रा भरली होती. लोक घोंगड्यांत, पिशव्यांत गुंडाळून वस्तू घेऊन आलेले. मास्तर एका टेबलामागे बसलेले. कोट, टाय, चांगलं इंग्रजी, वागायला अतिशय गोड. प्रत्येक वस्तू हातात घेत होते, तिची हकिकत ऐकून घेत होते, चिठ्ठी बांधत होते. आमच्या पुढे एक बाई होती, तिच्याकडे तिच्या आजीचा ठसा. चांदाचा. मास्तरांनी तो अक्षरशः डोळ्यांना लावला.

मग आमचा नंबर. आत्याबाईंनी एप्रन काढून ठेवला होता. काळा कोट, केस पाणी लावून बसवलेले. त्यांनी रुमाल सोडला आणि ठसा टेबलावर ठेवला. त्यांनी तोंड उघडायच्या आत आमच्याबरोबर आलेली त्यांची मुलगी म्हणाली, “हा आमच्या आजीचा. आईच्या आईचा.”

मास्तर खूश झाले. हातात घेऊन फिरवला, पिठाने काळपट झालेल्या रेघांवरून बोट फिरवलं, पक्षी बघून हसले. हे असं ओबडधोबड काम फार जुनं असतं, असं म्हणाले. चिठ्ठी लिहायला घेतली. मी मुलीकडे बघितलं, तिने मला डोळा मारला. मला ती त्या क्षणी प्रचंड आवडली. एवढं सोपं होतं तर! एक वाक्य, आणि म्हातारबुवा कोठाराच्या आत.

आत्याबाई म्हणाल्या, “नाही.”

मग त्या त्यांच्या गावच्या बोलीत बोलल्या, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मुलीचा चेहरा पडला, पण मी दंडाला चिमटा काढल्यावर तिने भाषांतर केलं. “ती म्हणते, माझ्या आईकडे पीठ नव्हतं. हा माझ्या नवऱ्याने बेडफर्डमध्ये केला. फावड्याच्या दांड्याचा. त्याला कोंबडा करायचा होता.”

मास्तरांचं पेन थांबलं. त्यांनी ठसा दोन्ही हातांनी उचलला आणि अगदी अदबीने आत्याबाईंच्या पुढ्यात परत ठेवला. त्यांच्याशी ते काहीतरी बोलले. मग मी तिथे कोण म्हणून उभी आहे हे न कळून माझ्याशी इंग्रजीत म्हणाले, “काम सुंदर आहे. पण संग्रहालय गावाचं आहे. ही वस्तू इंग्लंडमधली.”

“ज्याने केली तो गावाचा नव्हता?” मी म्हटलं.

“होता.”

“त्याच कोठारात पोती टाकायचा तो.”

“मॅडम, मी समजू शकतो. पण गावात जे होतं तेच आम्ही मांडतोय. खरं तेच.”

“मग गावात त्याच्या घरी जे होतं ते मांडा.”

“काय होतं त्यांच्या घरी?” त्यांनी विचारलं. चेष्टेने नाही, खरंच विचारलं. मी टेबलावरच्या कबुतराकडे बघितलं. ते म्हणाले, “हीच तर आमची अडचण आहे. ज्यांच्याकडे काही नव्हतं, त्यांचं आम्ही दाखवणार तरी काय?”

माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण तो प्रामाणिक होता. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि तरीही त्याच्यामागे आणखी लोक उभे असल्यासारखा तो टेबलाआडून हलत नव्हता. मागून कुणीतरी हळूच काही बोललं आणि दोघीतिघी हसल्या. चांदाच्या ठशाची बाई त्यात होती. तिचा नवरा आणि म्हातारबुवा एकाच भट्टीवर, एकाच पाळीत होते. एकाच डब्यातलं खाल्लेलं. मी मुलीला विचारलं, काय म्हणाली ती? मुलीने सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर ती आईवर घसरली. तिला रडू येत होतं. “एवढंसं खोटं, मम्मा. एवढंसं! बाबांसाठी!” आत्याबाई बस स्टॉपकडे चालत राहिल्या. मी त्यांची पिशवी घेतली. मलाही राग आला होता, त्यांच्यावरच. मंडळात मी खरं बोलले होते, पण तिथे मला कुणाला आत नेऊन बसवायचं नव्हतं.

घरी आल्यावर मी त्यांना सरळ विचारलं, “का सांगितलं?”

त्यांनी कोट काढला, एप्रन बांधला, कॉफीचं भांडं गॅसवर ठेवलं. मग म्हणाल्या, “तिथे म्हातारी माणसं आहेत अजून. त्यांना ठाऊक आहे. पेटीत आमचा ठसा बघतील आणि म्हणतील, यांच्याकडे पीठ कधी होतं? हसतील. इथे पुरला, तिथे हसतील. नको.”

हे मला ठाऊक होतं. कुठल्याही देशात जा, कितीही शिका, कुणाचंही नाव लावा. गावात एक तरी म्हातारं उरलेलं असतं, ज्याला तुमच्या आजीचं सगळं आठवतं. नेमकं तेवढंच आठवतं. बाकी काही आठवत नाही.

मी त्यांना म्हटलं, मास्तरांच्या वर कुणीतरी असेल, त्यांच्याशी बोलू, नाहीतर इथल्या वर्तमानपत्राकडे जाऊ. मी तेव्हा तशीच होते, कुठेही जायला तयार. आत्याबाईंनी माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि साखर टाकली. मला साखर चालत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणजे विषय संपला.

पुढच्या उन्हाळ्यात संग्रहालय उघडलं. आमच्या रस्त्यावरून पुष्कळ जण गेले, नवे कपडे शिवून गेले. चांदवाली बाई परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तूप लावल्यासारखं तेज होतं. पेटी कशी आहे, दिवा कसा लावलाय, आजीचं नाव कसं लिहिलंय हे ती दुकानात उभी राहून सांगत होती. आत्याबाई टोमॅटो निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, “छान,” म्हणाल्या आणि टोमॅटो तोलायला दिले.

त्या शनिवारी त्यांनी नेहमीसारखा कुंपणावरून पाव दिला. मी हातात घेतला आणि त्याच्या वरच्या बाजूकडे बघितलं. पाव कोरा होता. गोल, करपट, मधोमध काही नाही.

“ठसा?” मी विचारलं.

“ओव्हन माझा,” आत्याबाई म्हणाल्या. “पाव एकच. कुणाच्यात मिसळणार आहे?”

आणि त्या आत गेल्या. मी घरात येऊन पाव कापला. नवऱ्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, आज मस्त झालाय. खरंच झाला होता. चवीत काडीचाही फरक पडला नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.